तलावावरून परतताना

डोंगरातल्या तलावावर मुक्कामाला जायचं, हे बद्रीनाथ, देवानंद आणि बिरू या तिघांचं कॉलेजात असल्यापासून ठरत होतं आणि दर वेळी राहून जात होतं. आता बद्रीनाथचं भोकरदनला बी-बियाण्याचं दुकान होतं, देवानंद मास्तर झाला होता आणि बिरू कापड दुकानात कामाला लागला होता. त्यातच दसऱ्याला देवानंदचा साखरपुडा झाला, तोही बद्रीनाथच्या धाकट्या बहिणीशी, कौसल्याशी. सोयरीक बद्रीनाथनंच जुळवली होती.

"लग्न झालं की तू आमचा जावई. मंग तुला शिव्या देता यायच्या न्हाईत," तो म्हणाला. "आत्ताच जाऊन येऊ."

शनिवारी शाळा सुटल्यावर दोन मोटरसायकली निघाल्या. ताडपत्री, दोन सतरंज्या आणि एका पिशवीत तिघांचे कपडे. तलाव काठोकाठ भरलेला होता. तीन बाजूंनी डोंगर, त्यावर साग, आणि पाण्यावर पाणकोंबड्या. संध्याकाळी त्यांनी काठावर तीन दगडांची चूल मांडली, वांगी भाजली आणि घरच्या भाकरींबरोबर भरीत खाल्लं. देवानंदनं शाळेतल्या हेडमास्तरांची नक्कल केली तेव्हा बिरू हसून हसून लोळला.

सकाळी बद्रीनाथ चहाला काटक्या गोळा करत होता. देवानंद तोंड धुवायला पाण्याकडे गेला होता. काहीतरी पडल्याचा आवाज आला. बद्रीनाथनं मान वर केली तर देवानंद पालथा पडलेला, तोंड पाण्यात, आणि हातपाय झटके खात होते.

काटक्या टाकून तो धावला. काखेत हात घालून त्यानं देवानंदला ओढून काठावर घेतलं आणि कुशीवर वळवलं. डोळे पांढरे झाले होते, दातखीळ बसली होती, तोंडातून रक्तमिश्रित फेस येत होता.

"पान लागलं का रे? साप चावला का?" बिरू ओरडत आला. मग बघून त्याचा आवाज एकदम खाली आला. "हे तर फेफरं हाय." त्यानं पायातली चप्पल काढून देवानंदच्या नाकाशी धरली. बद्रीनाथनं ती फेकून दिली.

हळूहळू झटके थांबले. बऱ्याच वेळानं देवानंदनं डोळे उघडले. पँट ओली झाली होती, जीभ चावली गेली होती. त्यानं दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय घडलं ते त्याला कळलं.

"कधीपासून हाय?" बद्रीनाथनं विचारलं.

"बारावीपासून. जालन्याच्या डॉक्टरची गोळी चालू हाय. तीन वर्षं बिलकुल आलं नव्हतं."

"मंग आज कसं आलं?"

"कालपासून गोळी घेतली न्हाई. घरीच ठेवली." तो थांबला. "तिघांची एकच पिशवी. तुम्हाला दिसली अस्ती."

"कौसल्याला ठावं हाय?"

देवानंदनं नकारार्थी मान हलवली.

"आन् मला? मला तरी सांगायचं!"

"सांगितलं अस्तं तर तू सोयरीक केली अस्ती का?"

बद्रीनाथ उठून पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. त्याला संताप येत होता आणि त्याच वेळी, आपण काटक्यांना थोडं लांब गेलो असतो तर काय झालं असतं, हा विचार डोक्यातून जात नव्हता.

"बद्री, इथलं इथंच राहू दे," बिरू म्हणाला. "गोळीनं बराबर राहतंय ना? कशाला कोणाला सांगायचं?"

"तुझी बहीण अस्ती तर?"

बिरू ताडपत्री गुंडाळू लागला.

देवानंदला गाडीवर बसवायचीही भीती वाटत होती. बद्रीनाथनं टॉवेलला टॉवेल जोडून त्याला आपल्या पाठीशी बांधलं आणि घाट उतरला. देवानंदचं डोकं मधूनमधून त्याच्या खांद्यावर कलंडत होतं.

खाली पिंपळगाव रेणुकाईला बद्रीनाथचं घर. त्यानं गाडी थेट दारात नेली आणि गाठ सोडली.

"उतर. तूच सांग. मी न्हाई सांगणार."

"आज नको रे."

"आजच."

ओसरीवर बद्रीनाथचे वडील पुंजाराम बसले होते. आई नंदाबाई डाळ पाखडत होती. कौसल्या पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि देवानंदचे मळलेले कपडे, सुजलेला ओठ पाहून तिथंच थबकली.

"मामा, मला फिट येतात," देवानंद म्हणाला. जिभेमुळे शब्द नीट उमटत नव्हते, म्हणून त्याला पुन्हा सांगावं लागलं.

नंदाबाईच्या हातातलं सूप खाली आलं. "फसवलं गं बाई आमाला," म्हणत तिनं पदर तोंडाला लावला. पुंजारामांनी टोपी घातली आणि देवानंदच्या घरी निरोप द्यायला निघून गेले. कौसल्यानं तांब्या देवानंदच्या हातात दिला. तो पाणी प्याला. मग बिरू त्याला घेऊन गेला.

सोयरीक मोडली. आठवडाभर कौसल्या भावाशी बोलली नाही. शेवटी बद्रीनाथच म्हणाला, "तुझ्यासाठीच केलं ना मी?"

"माझ्यासाठी?" ती म्हणाली. "मंग मला एकटीला सांगू द्यायचं त्याला. मी इचारलं अस्तं, डॉक्टरला भेटले अस्ते. न्हाई म्हणले अस्ते, न्हाईतर हो म्हणले अस्ते. तू त्याला चोरावानी आणून बापूंसमोर उभं केलं. मला तोंड उघडायला जागा ठेवलीस का तू?"

"त्यानं लपवलं व्हतं, कौसे."

"लपवलं, ते चुकलंच. पण तूबी मला कुठं इचारलंस?"

पुढच्या वर्षी तिचं लग्न मंठ्याला झालं. माणूस चांगला मिळाला. दिवाळीला माहेरी येते, हसते, बोलते, पण देवानंदचं नाव घरात कोणी काढत नाही.

देवानंदनं लग्न केलं नाही. एकदा भोकरदनच्या स्टँडवर बद्रीनाथला तो बसची वाट पाहत उभा दिसला. बद्रीनाथनं गाडी थांबवली.

"तब्येत?"

"बरी हाय. दुकान?"

"चालू हाय."

बद्रीनाथनं गाडी बंद केली. बस येईपर्यंत तो त्याच्या शेजारी उभा राहिला.