धाकटीची थोटकं

धाकटी पन्नाशीला आली तरी घरात धाकटीच राहिली. तिचा राग धाकटा, भूक धाकटी, आणि सिगारेटही तशीच, नावापुरती. सोफे-खुर्च्या दुरुस्त करायचं दुकान ती आणि दादा मिळून चालवत. दादा सांगाडे आणि स्प्रिंगा बघायचा, ती कापड बेतायची, शिवायची. मागच्या पायरीवर थोटकांसाठी दोघांत एक पत्र्याचा डबा होता. दादा तो दिवसभरात गच्च भरायचा आणि संध्याकाळी रिकामा करायचा. त्या गर्दीत धाकटीची दोन-चार थोटकं कुठे हरवायची, कुणाला पत्ता नसे. तिलाही नसे.

वहिनी सिगारेटीवरून दादाला फैलावर घ्यायची तेव्हा शेवट ठरलेला असायचा: "धाकटीकडून शिका जरा!" हे ऐकायला धाकटीला फार गोड लागायचं.

मग एक दिवस सोफा उचलता उचलता दादा छाती धरून खाली बसला. वाचला, पण सिगारेट कायमची बंद. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी धाकटीलाही विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी? मी काय हो, चवीपुरती."

"कमी ओढली तर फुप्फुसांचा धोका बराच कमी होतो, ते खरं. पण हृदयाचं तसं नाही. सिगारेटी निम्म्या म्हणून धोका निम्मा होत नाही. अगदी थोड्यांनीही बराचसा येतोच."

धाकटीनं मान डोलावली. मनात म्हणाली, यांना असं बोलावंच लागतं.

दादानं पिना मारायचं यंत्र बाजूला ठेवलं आणि तो वडिलांच्या वेळेसारखे बारीक खिळे ओठांत धरून काम करू लागला. म्हणायचा, तोंड रिकामं राहिलं की घात होतो. पायरीकडे तो फिरकेना. धाकटी मात्र जातच होती.

एका दुपारी तिनं नुकती पेटवली होती, तर मागून दादा.

"एक दे."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"अगं, पहिल्यासारखी नाही ओढणार. तुझ्यासारखी. सकाळी एक, जेवणावर एक. तुला काय झालंय एवढ्या वर्षांत? ठणठणीत आहेस."

त्यानं हात पुढे केला. बोटांवरचा पिवळेपणा अजून गेला नव्हता. 'थोड्यानं काय होतंय' हे वाक्य धाकटीनं आयुष्यभर वापरलेलं. आताही ते जिभेवर तयार होतं. राख झटकायला ती वाकली आणि तिचं लक्ष डब्याकडे गेलं.

डबा काठोकाठ भरला होता. कुणी रिकामा केलाच नव्हता.

तिनं तो उचलून दादासमोर धरला. "माझ्यासारखी म्हणजे कशी, ते बघ."

दादानं एक थोटूक उचललं. "ही सगळी तुझी?"

"तू तर टाकली नाहीस."

"अगं, मी अर्धी टाकून द्यायचो. तू पार बुडापर्यंत चोखलीयस! फिल्टरचा कापूससुद्धा काळा केलायस."

धाकटीला हसू आलं, पाठोपाठ खोकला. दादा हसला नाही.

"मग नाही देत?"

"नाही."

"आणि तू?"

इतकी वर्षं या प्रश्नाला तिच्याकडे सोपं उत्तर होतं, दादाकडे बोट दाखवायचं. आता बोट दाखवायला कुणी उरलं नव्हतं. हातातली सिगारेट अर्धीअधिक शिल्लक होती. तिनं ती पायरीवर चुरडली, आणि अर्धी सिगारेट वाया गेल्याचं तिला खरोखर वाईट वाटलं.

डबा तिनं साबणानं घासला. वास काही जाईना. दादानं त्यात खिळे ओतले.

दुसऱ्या दिवशी जेवण झालं तशी धाकटी मशीनवर चुळबुळ करू लागली. तीनदा दोरा तुटला. शेवटी उठली आणि दादाच्या पाटापाशी जाऊन उभी राहिली.

"चार खिळे दे."

"धरायचे हं, गिळायचे नाहीत," दादा भरल्या तोंडानं म्हणाला.

तिनं ते ओठांत धरले आणि तोंड वाकडं केलं. "शी! राख लागतेय."

दादानं मान डोलावली आणि डबा तिच्या बाजूला सरकवला.