नवसाचा तारपा

मी तारपा बोलतोय. बोईसरच्या कबड्डीच्या मैदानात पाहुण्यांचा अपमान झाला म्हणून जो व्हिडिओ गावोगाव फिरला, त्यातला तारपा तो मीच. पण व्हिडिओत सगळं कुठे दिसतं? राहिलेलं आपणच सांगावं म्हटलं.

माझा जन्म कमळीच्या दारचा. सफाळ्याच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी तिचा पाडा. तिने कुडावर चढवलेल्या वेलीला दुधी लागले. त्यातला एक तिने भाजीला तोडला नाही. हा देवाचा, म्हणून वेलीवरच वाळू दिला. तिचा नवरा सुका तारपकरी. त्याने मला पोखरलं, बांबूच्या दोन नळ्या बसवल्या, मेणाने सांधे बुजवले, ताडाच्या पानांचा कर्णा वळला. मग गाल फुगवून पहिली फुंकर घातली. तेव्हापासून माझा श्वास तो त्याचाच.

आमच्यात एक रीत आहे. तारपकरी मधोमध, नाचणारे भोवती हातात हात गुंफून, आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. तारप्याला कुणी पाठ दाखवत नाही. हे लेकरांना शिकवावंही लागत नाही, बघून बघून येतं.

कमळी नेमाधर्माची बाई. देवीच्या नावाने मूठभर तांदूळ बाजूला काढल्याशिवाय तिची चूल पेटत नसे. तिची मुलगी दीपिका जिल्ह्याच्या संघात कबड्डी खेळायची. चढाईला गेली की वाऱ्यासारखी. गेल्या वर्षी सरावात तिचा गुडघा निसटला. पुन्हा खेळेल याचा भरवसा डॉक्टरांनी दिला नाही. त्या दिवशी कमळीने मला खुंटीवरून उतरवलं, माझ्यासमोर तांदूळ ठेवले आणि महालक्ष्मीला म्हणाली, "आये, पोरीचा गुडघा बरा होऊ दे. तिच्या खेळाच्या मैदानात तुझ्या नावाचा तारपा वाजवीन."

गुडघा बरा झाला. यंदा नवरात्र सरलं आणि बोईसरला राज्याची स्पर्धा भरली. दीपिकाचा संघ अंतिम सामन्यात पोचला. योग असा, की सामन्याआधी तारपा नाच ठेवायचा म्हणून सुकालाच निरोप आला. देवीनेच बोलावणं धाडलं, असं कमळी दारोदार सांगत सुटली.

आम्ही पोचलो तेव्हा मैदानातले दिवे लागत होते. कार्यक्रम बसवायला पालघरची हिमानी नावाची मुलगी होती. बोलायला गोड, पण जीव घाईला आलेला. तिने नाचणाऱ्यांना एका रांगेत उभं केलं, तोंडं व्यासपीठावरच्या पाहुण्यांकडे, आणि सुकाला सगळ्यांच्या मागे. माझ्यापुढे नुसत्या पाठीच पाठी. असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. नाचणारे चुळबुळले, पण पाहुण्यांचा मान म्हणून गप्प राहिले.

तेवढ्यात साउंडवाला सुकाजवळ आला. "चाचा, बजाना मत. गाना हम लगाएंगे. आप बस मुँह से लगाके रखो."

सुकाला वाटलं, पोरगा थट्टा करतोय. मग हिमानीने समजावलं, की माइकमध्ये खरा आवाज फाटतो, रेकॉर्डिंग तारप्याचंच आहे. "कुणाला कळणारसुद्धा नाही, काका."

"देवीला कळंल," कमळी म्हणाली.

हिमानीने तिला जरा बाजूला घेतलं. "मावशी, आज काही कमीजास्त झालं तर तुमच्याच मुलीच्या संघाला भोवेल. वर कबड्डी संघटनेचीच माणसं बसलीत, बघा तरी." हे तिने धमकावून नाही सांगितलं. ती स्वतःच घाबरलेली होती.

कमळीने मैदानापलीकडे पाहिलं. दीपिका खाली वाकून गुडघ्याला पट्टा आवळत होती. पोरीसाठी बोललेला नवस फेडावा, तर तो पोरीवरच उलटायचा.

लाउडस्पीकर सुरू झाले. आवाज तारप्याचा होता, पण कुणा परक्याचा, आणि त्यात ढोल घुसडलेला. नाचणारे पाय उचलत होते, पण मेळ बसेना. सुका मला ओठांशी धरून उभा. माझ्यात फुंकर नव्हती. त्याने कमळीकडे पाहिलं. तिने ना हो म्हटलं, ना नको. पदर डोक्यावर ओढला, हात जोडले आणि डोळे मिटून घेतले.

सुकाने गाल फुगवले. मी वाजलो.

सगळी रांग गर्रकन फिरली. कुणी सांगितलं नव्हतं. पायांना जे ठाऊक होतं ते पायांनी केलं. तोंडं माझ्याकडे झाली आणि पाठी पाहुण्यांकडे. वर रेकॉर्डिंग चालूच, खाली मी. दोन तारपे भांडत असल्यासारखे. लोकांनी शिट्ट्या मारल्या, मोबाइल वर गेले. प्रमुख पाहुणे उठून चालते झाले. कुणीतरी सुकाला ढकललं, मी खाली पडलो आणि माझी एक नळी तडकली.

सामना झाला. दीपिकाला शेवटपर्यंत उतरवलंच नाही. संघ हरला.

घरी आल्यावर ती आईला म्हणाली, "माझ्या गुडघ्यासाठी नवस बोललीस. गुडघा धड असून मला बाहेर बसवलं. झाली ना तुझी देवी खूश?"

त्या दिवसापासून मायलेकींचं बोलणं तुटलं. पाड्यातही दोन तट पडले. कुणी म्हणे सुकाने बरोबर केलं. कुणी म्हणे, घटकाभर नुसता धरून उभा राहिला असता तर काय तारपा झिजला असता? मी खुंटीवर टांगलेला. कमळी रोज संध्याकाळी मला पुसायची. तडकलेल्या नळीत तिनेच बोटाने मेण भरलं. पूर्वी पुसताना पुटपुटायची, देवीशी बोलायची. आता मुकाट पुसायची.

दिवाळीच्या तोंडावर वाघबारस आली. त्या दिवशी वाघोबापुढे नाच चुकत नाही. सुकाने मला बिचकतच उतरवलं. दोन्ही तटांची माणसं जमली. दीपिकाही आली, पण लांब दगडावर बसली, माझ्याकडे पाठ करून. बायका कुजबुजल्या. एकजण तिला ओढायला निघाली तर कमळीने अडवलं. "ऱ्हाऊं दे. रागावलीय, आली तर हाय ना."

मी वाजू लागलो. मेण भरलेल्या नळीतून आवाज घोगरा येत होता. फेर धरला गेला. मी मात्र त्या एका पाठीकडे बघत होतो. बराच वेळ ती हलली नाही. मग तिचा एक पाय ठेका धरू लागला. तोच, नवसाच्या गुडघ्याचा.

ती उठली. वळली. कमळीच्या शेजारी फेरात शिरली. आईचा हात धरला. कमळीने डोळे पुसले नाहीत. दोन्ही हात गुंतलेले होते.

माझा आवाज आता घोगराच राहणार. त्याचं मला काही नाही. तुम्हाला एवढंच सांगणं, की रुसायचं तर खुशाल रुसा, पाठ करून बसा. पण बसा अशा ठिकाणी, जिथे तारपा ऐकू येईल.