आधी सत्कार, मग बटन

मी रांग बोलतेय. मी कुणाला दिसत नाही. पण तुमच्या मोबाईलच्या पडद्यावर एखादं चित्र सरकत येतं, ते थांबलं की अक्षरं उमटतात, अक्षरं उमटली की बटन वर येतं, हे सगळं एकामागून एक घडवणारी मीच. प्रोग्राममधल्या काही ओळी, एवढाच माझा देह. पहिली हालचाल पुरी झाल्याशिवाय दुसरीला मी सोडत नाही. माझ्या या सरळपणाचा माणसांनी जो तमाशा केला, तो सांगायला तोंड उघडलं आहे. गोड बोलायचा इरादा नाही.

माझा जन्म अमरावतीचा. इंजिनिअरिंग शिकणाऱ्या रोहितने मला खोलीवर बसून लिहिलं. त्याचे मामा खुशालराव हे अकोटजवळच्या एका गावात भाजीपाला उत्पादक मंडळाचे अध्यक्ष. मंडळाचा एकच टेम्पो पहाटे गावाचा माल घेऊन अकोल्याला जातो. जागा थोडी, माल फार, त्यावरून रोज भांडणं. म्हणून ठरलं की ॲप काढायचं. संध्याकाळी बुकिंग उघडेल. आधी बटन दाबेल त्याच्या मालाला जागा.

तेव्हा मी लहानशी होते. पालकाचं एक पान तरंगत यायचं, मंडळाचं नाव उमटायचं आणि लगेच हिरवं बटन: 'जागा धरा'. बस. तेवढे दिवस मी सुखात काढले.

मग रोहितने मला मामांपुढे धरलं.

"पालक दिसून राहिला," खुशालराव म्हणाले. "अध्यक्ष कुठी आहे?"

झालं! मंडळाच्या कार्यक्रमात स्टेजवर जे चालतं ते सगळं माझ्यात शिरलं. आधी दीपप्रज्वलन, समईच्या वाती एकेक करून पेटणार. मग दिवंगत संस्थापकांचा फोटो, त्यावर हार झुलत उतरणार. मग खुशालराव, फेटा बांधून, पाकळ्यांच्या वर्षावात. त्यांच्यामागून उपाध्यक्ष महादेवराव. ते रुसले, आपण मागे काहून? तोड निघाली की येतील मागूनच, पण पडद्यावर जास्त वेळ उभे राहतील. मग शाल पांघरलेले सचिव देवानंद. एवढ्या सगळ्यांचं पोट भरलं की शेवटी बटन.

रोहित चाचरत म्हणाला, "मामा, आधी बटन देऊ का? फोटो मागून येत राहतील."

"म्हंजे आमी भाषण करून राहिलो आन् लोकं जेवाले उठले, असं?"

"नाहीतर फोटोवर बोट टेकवलं की तो बाजूला होईल, अशी सोय..."

"माह्या फोटोले बोटानं बाजूले सारतीन? अक्कल हाय का बे तुले?"

रोहितने मान डोलावली. मला मध्येच थांबवायची सोय त्याने लिहून ठेवली होती, तीही पुसली. मामाला नाही म्हणता येत नसेल तर कॉलेजात शिकवतात तरी काय?

त्यात माझी एक खोड. पडद्यावर कुठेही बोट टेकलं की मी तो हुकूम समजते आणि अख्खा कार्यक्रम पुन्हा मागे जोडून घेते. बटन येतं न येतं, तोच समई परत पेटायला लागते. घाईतला माणूस जितकं दाबेल तितके सत्कार वाढतात. पुसलेली सोय असती तर हे झालं नसतं.

यात भरडली गेली कोण? आशाबाई. तिच्या वावरात सांबार होता. कोथिंबिरीला इकडे सांबारच म्हणतात. अकोल्याच्या जुन्या शहरात गंगूबाईंची खानावळ आहे. त्यांनी सांगितलं होतं, लग्नाचा स्वयंपाक घेतला आहे, तुझा सांबार सकाळी आण. चांगला निघाला तर पुढे रोजचा तुझ्याकडूनच. मध्ये दलाल नाही. असं गिऱ्हाईक आशाबाईला जन्मात पहिल्यांदा मिळत होतं.

तिने सांबार काढला, जुड्या ओल्या पोत्याखाली ठेवल्या आणि ओट्यावर मोबाईल घेऊन बसली. बुकिंग उघडलं. समई पेटली. तिने दाबलं. खुशालराव आले. तिने परत दाबलं.

"आई, दाबू नको वं, थांब जराशी," तिची पोरगी सीमा म्हणाली.

"थांबू किती? हे मानसं स्टेजवरून उतरूनच नाई राहिले!"

ते उतरले तेव्हा पडद्यावर लिहिलेलं होतं, 'टेम्पो भरला'.

पहाटे ती तरीही पोतं घेऊन टेम्पोपाशी गेली. मी तिच्या पिशवीतल्या मोबाईलमध्ये होते, सगळं ऐकलं. ड्रायव्हर नत्थुजी ताडपत्री बांधत होते.

"बाई, तुमचं नाव नाई आलं."

"आन् हे वांगे कोनाचे?"

"अध्यक्षायचे."

"त्यायनं बटन दाबलं?"

"त्यायले कायले बटन लागते, बाई? त्यायचा फोन येते."

ऐकलंत? महादेवरावांचाही फोन, देवानंदांचाही फोन. ज्यांची तोंडं मी दिवसरात्र मिरवते, त्यांतला एकही कधी माझ्यात उभा राहिला नव्हता.

आशाबाई एसटीने गेली. पोचली तेव्हा गंगूबाईंनी बाजारातून सांबार घेऊन चिरूनही टाकला होता. "माहा स्वयंपाक तुह्या टेम्पोसाठी थांबत नाई, बाई," त्या म्हणाल्या. रोजचं गिऱ्हाईक गेलं.

मंडळाची बैठक झाली. आशाबाईने उभं राहून सगळं सांगितलं. खुशालराव ऐकून घेण्याचं तोंड करून बसले. मग ठराव झाला. कार्यक्रमाच्या शेवटी, बटनाच्या आधी, अध्यक्षांचा हात जोडलेला आणखी एक फोटो यावा, खाली 'तसदीबद्दल क्षमस्व'. रोहित म्हणाला, "हो मामा."

पिकलेल्या केसांचा मान राखून यांचं किती ऐकायचं? माफीलाही यांना फोटो लागतो!

आशाबाई शांतपणे म्हणाली, "भाऊ, तुमचा सत्कार तुमीच पाहा. उद्यापासून आमी बी नत्थुजीले फोनच लावतो." मागच्या बाया हसल्या. खुशालरावही हसले. त्यांना तो विनोद वाटला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आजच, संध्याकाळी मला कुणीच उघडलं नाही. अख्ख्या गावाने एकदम नत्थुजींना फोन लावला. नत्थुजी एकेकाचं नाव घेत गेले, ज्याचा फोन आधी लागला त्याचा माल आधी. आशाबाईच्या मिरच्या पहिल्या झटक्यात बसल्या.

खुशालरावांची वांगी तोडून अंगणात पडली आहेत. ते मघापासून फोन लावताहेत आणि बाईचा आवाज त्यांना सांगतोय की ही व्यक्ती दुसऱ्या कॉलवर आहे. टेम्पोत एवढीशी जागा उरली आहे म्हणतात.

प्रोग्राम लिहिणाऱ्या पोरापोरींनो, तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. माणूस ज्या कामासाठी आला ते आधी त्याच्या हातात द्या, फुलं मग उधळा. घरातलं कुणी मोठं रुसलं तर रुसू द्या. मला या नोकरीतून सोडवा.

पण आज नको. आज थोडं थांबा. कारण खुशालरावांनी आत्ता, आयुष्यात पहिल्यांदा, मला उघडलं आहे. ते दाबताहेत, परत दाबताहेत.

मी माझ्या वळणानेच चालणार. समई आणली आहे. पहिली वात पेटवतेय.