काही दुखत नाही

भोईवाड्यातली ती चाळ करोनामुळे सील झाली त्याला अकरा दिवस झाले होते, आणि दत्तारामच्या खोलीतला पंखा त्याच्याही आधीपासून बंद होता. ऐन मे महिना. पण पंख्याचा वारा बायकोच्या, नलूच्या उजव्या गालाला लागला की जबड्यातून वीज गेल्यासारखी कळ जायची. चेहऱ्याच्या शिरेचं दुखणं, सहा वर्षांचं. बोललं तरी कळ, घास चावला तरी कळ. गोळ्या असल्या की ती माणसांत असायची. आता अर्ध्या-अर्ध्या करून पुरवलेल्या गोळ्यांतली शेवटची अर्धी उरली होती. तीन दिवस ती एक शब्द बोलली नव्हती. गार पेज चमच्याने ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून भरवता भरवता दत्ताराम रडकुंडीला आला होता.

जावं कुठे? खाली बांबू ठोकलेले, दारात हवालदार. जवळच्या केमिस्टकडे ती गोळी नव्हती आणि हॉस्पिटलातली दुखण्याची ओपीडी बंद होती.

रोज सकाळी आरोग्यसेविका प्रिती यायची आणि खोलीखोलीला विचारायची, "ताप? खोकला? अंगदुखी?" चाळ कमिटीच्या जयवंतने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "एकाने हो म्हटलं की अख्ख्या चाळीला आणखी चौदा दिवस. काय पण विचारू दे, नाय म्हणायचं." एरवी पाण्यावरून एकमेकींच्या झिंज्या उपटणारी चाळ या बाबतीत एका सुरात बोलू लागली. जन्मभर गिरणीत युनियनचा शब्द न मोडलेला दत्ताराम कमिटीचा कशाला मोडतोय? "काय दुखत नाय," असं तो रोज दारातून सांगायचा आणि मागे वळून बघायचं टाळायचा.

अकराव्या दिवशी दुपारी ओपीडीतल्या डॉक्टर अनुजाबाईंचा फोन आला.

"काका, गोळ्या पुन्हा सुरू केल्या ना?"

"खयच्या गोळ्या, मॅडम?"

"अहो, मंगळवारी महिन्याच्या पाठवल्या होत्या, तुमच्याकडे येते त्या सेविकेबरोबर. थांबा, विचारते."

पाच मिनिटांनी पुन्हा फोन आला, तेव्हा बाईंचा आवाज उतरला होता. "काका, पाकीट परत आलंय. तुमच्या खोलीपुढे लिहिलंय, घरी विचारलं, कुणालाही दुखणं नाही, औषध नको. उद्या तिला नीट सांगा. मी लगेच पाठवते."

दत्तारामला मंगळवार आठवला. मंगळवारी प्रितीने एक प्रश्न जास्त विचारला होता, काकींना काही जुनं दुखणं आहे का, गोळ्या लागतात का. पाकीट तिच्या पिशवीत होतं. आणि या शहाण्याने तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत नाही म्हणून टाकलं होतं. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. नलूने सगळं ऐकलं होतं. तिने भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळी तो जयवंतच्या दारात गेला. जयवंत काही वाईट माणूस नव्हता. "दत्ताकाका, सहा वर्षं काढलीत, आता तीन दिवस काढा," तो म्हणाला. "तीन दिवसांनी बांबू निघतील. माझ्या घरात तान्हं पोर आहे. आणखी चौदा दिवस कोंडून घातलं तर माझी नोकरी जाईल." दत्ताराम परत फिरला. त्या रात्री शेवटची अर्धी गोळीही संपली.

सकाळी प्रिती आली तेव्हा सगळी गॅलरी कान देऊन उभी होती. जयवंत कठड्याला टेकून बघत होता.

"ताप?"

"नाय."

"खोकला?"

"नाय."

"अंगदुखी?"

दत्तारामने तोंड उघडलं. जयवंतच्या कडेवरचं पोर त्याच्याकडे बघून हसलं.

"नाय," दत्ताराम म्हणाला. प्रितीने वहीत खूण केली आणि ती पुढच्या खोलीकडे वळली.

मागे भांडं पडल्याचा आवाज झाला. नलू चौकटीला धरून बाहेर आली होती. गॅलरीतला वारा गालावर आला तसे तिचे डोळे मिटले.

"दुखतं," ती म्हणाली. कळ आली आणि ती उंबऱ्यावरच बसली. मग पुन्हा, एकेक शब्द ओढून काढत, "सहा वर्षं. ह्यांना विचारू नका."

प्रितीने आधीची खूण खोडली. "काकी, गोळ्या आणते मी. पण टेस्ट होणार दोघांची. नियमच आहे."

जयवंत पोराला घेऊन आत गेला, पाठोपाठ एकेक दार लागत गेलं. दत्ताराम नलूच्या गालाला वारा लागू नये म्हणून आडवा उभा राहिला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, आणि प्रिती नव्या पानावर त्यांच्या खोलीचा नंबर लिहीत होती.