मी व्हेटो, गरिबाघरचा

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. वय विचारू नका. दोन हजार वर्षं कधीच मागे पडली. माझं नाव व्हेटो. इंग्रजी मला आपला म्हणून मिरवते, पण मी तिचा दत्तक मुलगा. माझी आई लॅटिन. तिच्या घरी मी एकटाच अख्खं वाक्य होतो: 'मी मनाई करतो.'

तिथल्या जुन्या नगरीत सामान्य लोकांनी आपले कैवारी निवडले होते. सरदारांनी जाचक कायदा आणला की कैवारी उठून मनाई करायचा आणि कायदा जागच्या जागी अडायचा. त्याच्या हातात शस्त्र नसायचं. पुढे राजांनी माझी ताकद हेरली आणि मला उचलून दरबारात नेलं. तिथे लाड झाले, पण अब्रू गेली. आता लोक म्हणतात, व्हेटो म्हणजे बड्यांची मिरास. साफ खोटं!

कपडे शिवण्याच्या एका कारखान्यात मालकाने समिती नेमली. आपला शब्द शेवटचा राहावा म्हणून त्याने नियमांत मला घातलं आणि वर मोठेपणा दाखवायला लिहिलं, 'कोणत्याही सभासदाला व्हेटो.' बाकीचे कशाला तोंड उघडतील, असा त्याचा होरा.

एके दुपारी समितीच्या बैठकीत त्याने कारखान्यातलं पाळणाघर मोडून तिथे गोदाम करायचं ठरवलं. सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. बटणं लावणाऱ्या मावशी तेवढ्या उभ्या राहिल्या.

"साहेब, माझा व्हेटो."

"मावशी, जरा विचार करून बोला. नोकरी तुम्हालाही हवीय ना?"

"हवीय की! माझ्या सुनेलाही हवीय. नातू इथे झोपतो म्हणून ती मशीनवर बसू शकते. उद्या काय पोराला पाठीला बांधून शिवायचं तिनं? माझी नोकरी जाईल, साहेब, मला कळतंय. तरी नाही म्हणजे नाही."

मालकाने व्यवस्थापकाकडे पाहिलं. तो खाली मान घालून पुटपुटला, "नियम तुम्हीच केलाय, साहेब."

पाळणाघर राहिलं. कित्येक वर्षांनी माझी छाती अभिमानाने फुगली.

मित्रांनो, शेवटी एक विनंती करतो. विनंती कसली, बजावतोच! हट्टापायी मला झिजवू नका. खेळात हरलात की मला पुढे करायचं, हे शोभत नाही. पण दुबळ्याच्या हातचं कोणी हिसकावत असेल, तर मला खुशाल उच्चारा. आवाज कापला तरी चालेल. आणि कुणा बलवानाने मला खिशात घातलेलं दिसलं, तर त्याला ठणकावून सांगा, "हा आमच्या घरचा आहे. आधी खाली ठेव."