क्लोरीनची खुंटी

वडिलांच्या घराच्या वाटणीवरून रसायनशास्त्राच्या मास्तरांची बायको आणि तिचा सुतार भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मास्तरांना एक लाकडी फळी करून हवी होती. तेवढं निमित्त साधून तिनेच भावाला निरोप धाडला. तो आला, चहा प्यायला, ताईची थट्टासुद्धा केली. तिचा चेहरा असा उजळलेला मास्तरांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

फळीवर आवर्तसारणीच्या मांडणीत एकेका मूलद्रव्याची खुंटी बसवायची होती. अणूने बाहेरचा एक इलेक्ट्रॉन घेतला की जितकी ऊर्जा बाहेर पडते, तितकी खुंटी उंच. डावीकडून उजवीकडे उंची साधारण वाढत जाते, वरून खाली कमी होते. पण मधेच कुठे तरी निसर्ग वाकडं पाऊल टाकतो. नायट्रोजन इलेक्ट्रॉन धरतच नाही, म्हणून त्याची जागा रिकामीच राहते. आणि क्लोरीन वरच्या घरातल्या फ्लोरीनपेक्षा उंच निघतो.

मेहुण्याने फळी आणली ती देखणी होती.

"भाऊजी, तुमच्या मापांत दोन चुका होत्या. एक भोक रिकामं राहिलं होतं, ते भरलं. आणि एक खुंटी शहाणपणा करून वर आली होती, तिला रंधा मारला. शाळेत बोभाटा नको, काय?"

"वा, छान," मास्तर म्हणाले. खरं सांगायला जीभ रेटेना. नुकतं जुळलेलं माणूस, उगाच दुखवा कशाला? तो गेल्यावर त्यांनी नायट्रोजनची खुंटी उपटली आणि झाडूच्या दांड्याचा तुकडा कापून क्लोरीनच्या जागी ठोकला. तो तिरपा बसला.

प्रदर्शनाला मेहुणा इस्त्रीचा सदरा घालून आला. त्या दांड्याला त्याने बोट लावलं.

"हे कुणी केलं?"

"मीच. त्याचं असं आहे, फ्लोरीनचा अणू फार लहान. आत आधीच दाटी, त्यामुळे नव्या इलेक्ट्रॉनला आतलेच मागे रेटतात. क्लोरीन ऐसपैस, म्हणून..."

"म्हणजे मी चुकलो होतो. मग तेव्हाच का नाही बोललात? उभ्या उभ्या नवी करून दिली असती."

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि आता बरं वाटतंय होय? चारचौघांत माझ्या कामात झाडू खुपसलात, भाऊजी."

तो निघून गेला. थोड्याच वेळात बायको आत आली.

"जिन्यात भेटला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. काय झालं?"

मास्तरांनी क्लोरीनपासून सुरुवात केली.

"ते राहू द्या," ती म्हणाली. "तो परत येईल का, तेवढं सांगा."