अप्पांची कूस

निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या चार वर्षं आधी शेंगांच्या पोत्यांची थप्पी माझ्या वडिलांच्या पाठीवर कोसळली आणि त्यांचं कमरेखालचं अंग गेलं. अप्पा म्हणजे महादेवप्पा, लातूरला शेतकऱ्यांचा माल विकून देणारे आडते. तीन महिने त्यांना नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं, त्यात माझ्या आईच्या, अव्वाच्या पाटल्या आणि बोरमाळ गेली. पडून पडून पाठीला जखम झाली ती वेगळीच.

डॉक्टर म्हणाले, "दर दोन तासांनी कूस बदला. नाहीतर जखम चिघळेल आणि माणूस हाती लागणार नाही. इथं ठेवलंत तर आणखी सहा महिने."

सहा महिने म्हणजे दुकान विकणं. अव्वानं त्यांना गाडीत घालून घरी आणलं. पण अप्पांचा देह असा, की आम्ही दोघींनी जोर लावला तरी ते जागचे हलत नसत. शेवटी अव्वानं त्यांची बाज दुकानात, वजनकाट्याशेजारीच टाकली. रात्री दोन हमाल तिथंच झोपत आणि त्यांना उलटवत. दिवसाचं अप्पांनीच ठरवलं. आडतीत प्रत्येक सौद्यावर शेतकऱ्याकडून धर्मादायाचं पसाभर धान्य घ्यायची रीत होती. अप्पांनी जाहीर केलं, "धरमादाय माफ! सौदा ठरला की चौघांनी मला उलटवायचं."

लोकांना काय, गंमतच. चादरीची चार टोकं धरून उचलत आणि वर म्हणत, "मालक, दोन शेर घटलात की!" एका बाजाराला सकाळीच अकरा सौदे झाले. अप्पा ओरडले, "आरं, भाकर हाय का मी? जरा दम धरा!" जखम मात्र भरू लागली.

मग आली अमावास्या. बाजार बंद, हमाल गावी गेलेले. आम्ही दोघी ओढायला गेलो आणि जखमेवरची नवी कातडी सोलली गेली. अव्वा रडायलाच बसली.

तेवढ्यात समोरचा आडत्या गुरुलिंग तीन गडी घेऊन आत शिरला. शेंगांच्या भावातल्या चढाओढीवरून अप्पांत आणि त्याच्यात बारा वर्षं अबोला होता.

अप्पा गुरगुरले, "आज सौदा न्हाई. तू कशाला आलास?"

"तू मेल्यावर लातुरात मी जिरवू कुणाची?" म्हणत त्यानं चादर धरली.

उलटवून झाल्यावर तो बाजेवर टेकला आणि त्यानं अप्पांच्या हातावर आपलं उपरणं टाकलं. आडत्यांचे भाव असेच ठरतात, कापडाखाली बोटं धरून, न बोलता. उपरणं हललं. अप्पांनी मान हलवून नकार दिला. पुन्हा हललं.

"कशाचा सौदा चाललाय?" अव्वानं डोळे पुसत विचारलं.

"दर अवसंला मी किती डाव यायचं, त्याचा," गुरुलिंग म्हणाला. "मी तीन म्हनतोय, ह्यो पाच मागतोय. लई लोभी मानूस!"

शेवटी अप्पांनी त्याची पाचही बोटं, अख्खा पंजाच धरला. उपरणं खाली घसरलं, सौदा पटला होता, तरी ते हात सोडेनात. जखम पुढे श्रावणात पुरती भरली. पण दवाखान्यात एकदाही न रडलेला माझा बाप त्या दिवशी गुरुलिंगकाकांचा हात धरून हसत होता आणि ढसाढसा रडतही होता.